आधीं पुस्तक, मग पाना

आमच्या सुशिक्षित वर्गाविषयीं दुसरें कांहींहि म्हणतां येईल, पण तो छापील कागदाचा अनादर करतो असें मात्र म्हणतां येणार नाहीं. औषधाच्या डबींतून निघालेलें बारीक टायपाचें चिठोरें तो भिंग लावून वाचतो. घराचा करारनामा दोन वकिलांकडून वाचवून घेतो. मुलाच्या लग्नाची पत्रिका छापावयाची झाली तर तिचें मुद्रित घरांतील चौघे जण तपासतात. परंतु याच गृहस्थानें एखाद्या रविवारीं सकाळीं बाह्या सरसावून आपल्या मोटारीचें बॉनेट उघडलें, कीं त्याची ही सारी वाचनप्रीति त्या क्षणीं मावळते. पाना हातांत येतो, नट फिरूं लागतो, आणि ज्यांनीं ती मोटार घडविली त्यांनीं तिच्याविषयीं काय लिहून ठेविलें आहे तें आधीं पाहावें, हा विचार त्याच्या मनास शिवतहि नाहीं. कोणी सुचविलेंच, तर उत्तर तयार असतें : "पुस्तकें वाचून कोठें मोटारी दुरुस्त होतात?" हें उत्तर आम्हीं इतक्या शहाण्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलें आहे, कीं त्याचा एकदां नीट समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम, आम्ही कोणत्या पुस्तकांविषयीं बोलत आहों हें स्पष्ट करतों. मोटारीबरोबर मालकाच्या हातीं पडणारी, व डॅशबोर्डच्या खणांत प्लॅस्टिकच्या वेष्टनासह चिरनिद्रा घेणारी लहान पुस्तिका हें एक. टायरांत हवा किती भरावी, तेल कोणत्या जातीचें घालावें, जॅक कोठें लावावा, कोणता फ्यूज कशाचा, इतकें ती सांगते. दुसरें पुस्तक म्हणजे कारखान्यानें कारागिरांसाठीं तयार केलेलें, किंवा अन्य कोणी तशाच धर्तीवर रचलेलें, दुरुस्तीचें मोठें पुस्तक. कोणता भाग कोणत्या क्रमानें उतरवावा, कोणता बोल्ट किती आवळावा, कोणती फट किती असावी, काय पुन्हां वापरावें आणि काय फेकून द्यावें, हा सर्व तपशील त्यांत असतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पहिलें पुस्तक प्रत्येक मालकानें वाचलेंच पाहिजे. आणि ज्यास स्वतःच्या हातानें गाडी उघडावयाची आहे, त्यानें दुसऱ्या पुस्तकांतील त्या कामाचें प्रकरण आरंभापासून अखेरपर्यंत वाचल्यावांचून पान्यास हात लावूं नये.

आतां पूर्वपक्ष पाहूं. आमचे प्रतिपक्षी म्हणतात, पोहण्याचें पुस्तक वाचून कोणी पोहावयास शिकत नाहीं, त्यासाठीं पाण्यांतच पडावें लागतें. पुरणपोळी पुस्तकानें साधत नाहीं, तिला हात बसावा लागतो. यंत्राचेंहि तसेंच आहे. या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, आणि तो आम्ही आधींच मान्य करून टाकतों. गंजलेला नट सुटणार कीं तुटणार, हें पान्यांतून हातास कळतें; तें कोणत्याहि पानावर छापतां येत नाहीं. परंतु पोहण्याचा दृष्टांत येथें लागू पडत नाहीं. नदी कोणी बसून आखलेली नसते. मोटार मात्र आखलेली असते. ती म्हणजे मनुष्यांनीं घेतलेल्या हजारों लहानमोठ्या निर्णयांची जुळणी होय. हा बोल्ट इतक्याच जोरानें आवळावा, ही कडी एकदांच वापरावी, हें तेल या जातीचें असावें, हे सारे कोणीतरी हिशेब करून, प्रयोग करून घेतलेले निर्णय आहेत. वस्तु पाहून वस्तूचा आकार दिसतो, तिच्यामागचा निर्णय दिसत नाहीं. तो घेणाऱ्यानें सांगावा लागतो, व त्यानें तो ज्या ठिकाणीं सांगितलेला असतो, त्या ठिकाणासच पुस्तक म्हणतात.

उपदेश करण्यापूर्वीं आम्ही आपलें पाप पदरीं घेतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्हीं आमच्या लहानशा गाडीचें इंजिन-तेल घरींच बदललें. काम सोपें : चेंबरच्या तळाचा बोल्ट काढावयाचा, जुनें तेल सोडावयाचें, बोल्ट लावून नवें तेल भरावयाचें. बोल्टखालचा वायसर आम्हीं होता तोच पुन्हां लावला, कारण तो आमच्या डोळ्यांस धडधाकट दिसला. दुसऱ्या दिवशीं गाडीखालीं तेलाचा थेंब पडलेला होता. आम्हीं बोल्ट आणखी आवळला. तिसऱ्या दिवशीं पुन्हां थेंब; पुन्हां आवळला, या खेपेस पाय रोवून. तेव्हां तो बोल्ट एकाएकीं मऊपणें फिरूं लागला, आणि बाहेर आला तो ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे आपल्याबरोबर घेऊनच. चेंबर नवें घ्यावें लागलें. त्यानंतर आम्हीं पुस्तक उघडलें. त्यांत दोन ओळींत लिहिलें होतें कीं, वायसर प्रत्येक वेळीं नवा घालावा, आणि बोल्ट ३५ न्यूटन-मीटर इतकाच आवळावा. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशीं सुमारें १४ किलोंचा भार दिला, म्हणजे तेवढा पीळ बसतो. आम्हीं आमच्या देहाचा बहुतेक भार दिला होता. वायसराची किंमत चहाच्या पेल्याहून अधिक नव्हती. आमच्या हाताला त्या दिवशीं काय कमी पडलें? जोर नव्हे, चिकाटी नव्हे. १४ किलो हा आंकडा कमी पडला, आणि तो जन्मभर पाना फिरवूनहि आपोआप हाताला कळला नसता.

आमचा अपराध पैशांवर निभावला. सर्वच अपराध तसे निभावत नाहींत. ब्रेकचें तेल घ्या. बाजारांत तें डॉट ३ व डॉट ४ अशा जातींनीं मिळतें, आणि या दोन्ही जाती हवेंतील ओलावा ओढून घेतात. प्रमाणाप्रमाणें डॉट ३ जातीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ जातीचे हेच आंकडे २३० व १५५ आहेत. गेल्या दिवाळींत फोडलेली अर्धी बाटली कपाटांत आहे, म्हणून तीच ओतणारा गृहस्थ काटकसर करीत नसून घाट उतरतांना उकळणारें द्रव्य आपल्या ब्रेकांत भरीत असतो. उकळलेल्या तेलाची वाफ दाबली जाते, आणि ब्रेकचें पाउल तळाशीं टेकलें तरी गाडी थांबत नाहीं. तेल तें तेल, असें समजून ब्रेकच्या डबींत इंजिनाचें तेल ओतणारे महाभागहि आहेत. त्या तेलानें आंतील रबरी कड्या फुगतात व सारी यंत्रणा निकामी होते. दोन्ही तेलें बोटांस ओशटच लागतात. फरक बोटांस कळत नाहीं, तो झांकणावर आणि पुस्तकांत लिहिलेला असतो.

किंवा इंजिनाचें हेड घ्या. त्याचे बोल्ट मनास येईल त्या क्रमानें आवळले, तर हेड वांकतें. म्हणून पुस्तक सामान्यतः मध्यापासून बाहेर जाण्याचा क्रम आकृति काढून देतें, सोडतांना त्याच्या उलट जावयास सांगतें, आणि हें सर्व एका दमांत न करतां पायरीपायरीनें करवितें. आजच्या पुष्कळ इंजिनांत पहिला पीळ ठराविक मापाचा देऊन पुढें बोल्ट अमुक अंशांनीं फिरवावयाचा असतो. तसे बोल्ट या प्रक्रियेंत ताणले जातात, आणि त्यांतील पुष्कळ एकदांच वापरावयाचे असतात. वापरलेला बोल्ट नव्यासारखाच दिसतो. त्याचें आयुष्य संपलें आहे हें त्याच्याकडे पाहून कोणता अनुभवी डोळा सांगणार?

आमचें म्हणणें पटण्यास याहूनहि सोपा दाखला दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपचा आहे. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट डाव्या आट्यांचे होते. म्हणजे जगांतील इतर नट ज्या दिशेनें सुटतात, त्याच दिशेनें हे आवळले जात. ज्यास हें ठाऊक नाहीं, त्याची ताकद जितकी अधिक, तितका नट अधिक घट्ट. आणि पान्यास नळी लावून जोर करणाऱ्या पहिलवानाच्या वांट्यास अखेरीस तुटलेला खिळाच यावयाचा. अमेरिकन सैन्यानें या जीपचें सविस्तर पुस्तक फेब्रुवारी १९४४ मध्यें छापलें. इतकेंच नव्हे, तर शिपाई रुक्ष पुस्तक वाचीत नाहींत हें ओळखून विल आयसनर या नामांकित चित्रकथाकाराकडून गाड्यांच्या निगेचे पाठ चित्रांत काढून घेतले. हेंच काम पुढें १९५१ पासून एका स्वतंत्र मासिकाच्या द्वारें चालू राहिलें. ज्या सैन्यापाशीं हातांची वाण नव्हती, त्या सैन्यास केवळ हात पुरत नाहींत हें कळलें. आमच्या रविवारच्या कारागिरास तें अद्याप कळावयाचें आहे.

यावर दुसरा आक्षेप असा येतो, कीं आमच्या नाक्यावरच्या उस्तादानें जन्मांत एक पान उलटलें नाहीं, आणि तरी त्याच्या हातची गाडी वर्षभर कुरकुरत नाहीं. उस्तादाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु त्याची प्रशंसा करणाऱ्यांनीं तो उस्ताद कसा झाला याचा विचार केलेला नसतो. तो दहाव्या-बाराव्या वर्षीं दुसऱ्या उस्तादाच्या हाताखालीं राहिला, शिव्या आणि टप्पू खाल्ले, आणि जें पुस्तकांत चार ओळींत मिळालें असतें तें चार वर्षांत, दुसऱ्यांच्या गाड्या बिघडवीत शिकला. शिवाय त्याची ती विद्या टिकली, कारण गाड्या टिकल्या. अँबॅसडर मोटार आपली मूळ घडण फारशी न बदलतां २०१४ सालापर्यंत कारखान्यांतून निघत होती. एवढा काळ एकच गाडी समोर असतां ती मुखोद्गत न झाली तरच नवल. आज एकाच नांवाची मोटार दोन वर्षांत आंतून निराळी होते. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे धुराचे भारत स्टेज ६ हे निर्बंध लागू झाले. तेव्हांपासूनच्या अनेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते, व जळून राख अधिक टाकणारें तेल घातलें तर ती गाळणी चोंदत जाते. कालचा अनुभव येथें मदतनीस नसून कित्येकदां शत्रु ठरतो. खरा उस्ताद हें जाणतो, आणि अडल्यास विचारतो. न विचारणारा असतो तो त्याचें अनुकरण करणारा पदवीधर.

तिसरा पक्ष नव्या मंडळींचा. ते म्हणतात, आतां वाचावयाचें कशाला? प्रत्येक कामाची चलत्-चित्रफीत घरबसल्या पाहावयास मिळते. हातांची हालचाल डोळ्यांनीं पाहिल्याचा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. पण चित्रफितींतील गाडी आपल्याच सालची, आपल्याच इंजिनाची आहे काय? नट अडून बसला तो अर्धा तास कापून टाकलेला नाहीं काय? बोल्ट किती आवळला, हें तींत सांगितलें आहे कीं नुसतें "घट्ट" म्हटलें आहे? पुस्तक वाचून मग ती पाहावी, म्हणजे तींतील गफलतहि दिसूं लागते; पुस्तकाच्या ऐवजीं पाहिली, तर एकाची चूक हजारांच्या घरीं बिनबोभाट पोंचते.

हाताची विद्या आणि पुस्तकाची विद्या यांस एकमेकांचे वैरी समजणें, ही या सर्व आक्षेपांच्या मुळाशीं असलेली चूक होय. इंग्लंडांत जॉन हेन्स यानें १९६६ सालीं मोटारदुरुस्तीच्या आपल्या सुप्रसिद्ध पुस्तकमालेंतील पहिलें पुस्तक काढलें. त्या मालेचा नियमच असा, कीं प्रत्यक्ष गाडी घेऊन ती खिळाखिळा सुटी करावी, पुन्हां जोडावी, आणि करतां करतां छायाचित्रें घेऊन व टिपून पुस्तक लिहावें. अशा पुस्तकाच्या पानास वंगणाचा वास येतो. तें वाचणें म्हणजे हाताचा अपमान नव्हे, तर आपल्या आधीं ज्या हातांनीं तें काम केलें त्यांची शागिर्दी करणें होय.

एक आक्षेप मात्र आम्हांस खोडून काढतां येत नाहीं, आणि तो आम्ही आमच्याच बाजूनें मांडतों. पुस्तक वाचा म्हणतां, पण तें आहे कोठें? दुरुस्तीचें मोठें पुस्तक मालकास देण्यास मोटार-कारखानदार नाखूष असतात, ही नुसती कुरकुर नव्हे. आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें १४ मोटार-कंपन्यांस याच प्रकारच्या वर्तनाबद्दल दोषी धरलें. सुटे भाग, तपासणीचीं उपकरणें व तांत्रिक पुस्तकें त्या बाहेरच्या कारागिरांस मोकळेपणीं मिळूं देत नाहींत, असा आयोगाचा निष्कर्ष होता, आणि दंडाची एकूण रक्कम २,५०० कोटि रुपयांच्या वर होती. प्रकरण पुढें अपिलांत गेलें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ सालीं थेट कौल देऊन मोटारदुरुस्तीचा हक्क मागून घेतला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यासाठीं संकेतस्थळ उघडलें. मोटारी हा त्यांतील चार विभागांपैकीं एक आहे. ही चळवळ योग्य आहे. पण जी वस्तु आपण कधीं वाचावयास मागितलीच नाहीं, ती आपणांपासून लपविली गेली अशी तक्रार आपण कोणत्या तोंडानें करणार? ज्या वर्गानें खणांतील लहान पुस्तिकेचें वेष्टन फोडलें नाहीं, त्यानें मोठ्या पुस्तकासाठीं भांडावयास उठावें, हें शोभत नाहीं. आधीं मिळतें तें वाचावें, म्हणजे न मिळणाऱ्याची मागणी करतांना आवाजांत जोर येतो.

दुसरें न्यून आमच्या भाषेचें, म्हणजे आम्हां लेखणीवाल्यांचें. मराठी ग्रंथविक्रेत्याकडे पाकशास्त्र मागा, ज्योतिष मागा, आत्मचरित्रें मागा. फडताळें भरलेलीं आहेत. मोटारीचे ब्रेक कसे तपासावे यावर चांगलें मराठी पुस्तक मागितलें, तर तो मागणाऱ्याचेंच तोंड पाहूं लागतो. जीं मोठीं पुस्तकें आहेत तीं बहुधा इंग्रजींत. ज्यास इंग्रजी येतें तो गॅरेजांत काम करीत नाहीं, आणि जो गॅरेजांत काम करतो त्याच्यासाठीं कोणी लिहीत नाहीं. वाचणाऱ्यानें हात काळे करावयाचे नाहींत व हात काळे करणाऱ्यानें वाचावयाचें नाहीं, ही जी आपल्या समाजाची जुनी वांटणी, तिचेंच हें आजचें रूप आहे. ही वांटणी मोडतां येत नाहीं असें नाहीं. १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडींत लोखंडी नांगर तयार होत, आणि त्याच वाडींतून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' निघालें, ज्याचें पुढें मराठींतील एक अग्रगण्य मासिक झालें. नांगर आणि मासिक एका अंगणांत वाढूं शकतात, याचा पुरावा आपल्याच घरांत आहे. असें असून आमच्या मासिकांतून दहा कादंबऱ्यांचें परीक्षण येतें, आणि यंत्राच्या एका पुस्तकाचें येत नाहीं. हा दोष आम्ही स्वतःसकट सर्व संपादक-लेखकांच्या पदरीं घालतों. ज्या गद्यांत एका वाक्यांत एकच क्रिया सांगावयाची, इशारा क्रियेच्या आधीं द्यावयाचा, आणि एक शब्द चुकला तर वाचणाऱ्याचें बोट जावयाचें, तें गद्य लिहिणें लघुनिबंधाहून सोपें आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें सायकलचें पंक्चर काढण्याची कृति एकदां लिहून पाहावी.

तोंवर, ज्यांस येत्या रविवारीं पाना उचलावयाचा आहे त्यांस चार शब्द सांगून आम्ही हा लेख आटोपतों. आपल्या गाडीचें साल व इंजिनाची जात पुस्तकाशीं ताडून पाहा; दुसऱ्या गाडीचें पुस्तक हें नसलेल्या पुस्तकाहून वाईट. त्या कामाचें प्रकरण आदल्या रात्रीं सबंध वाचा, कारण नवा वायसर लागतो हें सोळाव्या ओळींत सांगितलेलें असतें, आणि दुकान रविवारीं बंद असतें. आंकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरून घ्या. जॅक पुस्तकानें दाखविलेल्या जागींच लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींहि शिरूं नका; खालीं भक्कम स्टँड द्या. बॅटरी सोडतांना बहुतेक गाड्यांत ऋण तार आधीं सोडावी आणि शेवटीं जोडावी असें सांगितलेलें असतें. कारण दुसरी तार सोडतांना पाना गाडीच्या अंगास लागला, तरी मग ठिणगी उडत नाहीं. एअरबॅगच्या जवळ काम असेल, तर बॅटरी सोडल्यावरहि त्या यंत्रणेंत कांहीं काळ वीज सांठून राहते. किती वेळ थांबावें तें पुस्तक सांगेल, तितका वेळ थांबा. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी तारांस तर हातच लावूं नका. त्यांत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो. आणि पुस्तक जेथें म्हणेल कीं येथून पुढें खास हत्यार व शिकलेला कारागीर पाहिजे, तेथें पाना खालीं ठेवा. कोठें थांबावें हें ज्यास पुस्तकांतून कळलें, त्याचें वाचन फुकट गेलें नाहीं.

आमच्या त्या जुन्या चेंबरचा तुकडा आम्हीं टाकून दिलेला नाहीं. तो आमच्या टेबलावर कागद दाबण्याच्या कामीं येतो. आणि ज्या कागदांवर तो बहुधा ठेवलेला असतो, ते त्याच गाडीच्या पुस्तकाचे आहेत.